फाटला तो कोणता

२ सप्टेंबर, सोमवार

ठमे,

‘प्रिय’ लिहावं की नाही, यात माझा पाव तास गेला. शेवटी नुसतंच ठमे लिहिलं. मोठी बहीण नऊ वर्षांनी पत्र लिहिते म्हटल्यावर तुला भलतंच काही वाटेल, म्हणून आधीच सांगते: कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. तुझा पत्ता मी मावसबहिणीकडून घेतला. तिला ओरडू नकोस, मी फार मागे लागले होते.

काम छोटंसं आहे. मी अजून डॉक्टरांच्या घरातच आहे. म्हणजे त्या संग्रहालयात. डॉक्टर जाऊन ऐंशी वर्षं झाली तरी सगळे अजून ‘डॉक्टरांचं घर’च म्हणतात. माझा शनिवारचा वर्गही चालू आहे. आठ ते बारा वर्षांच्या अकरा मुली येतात. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या वयाच्या मुली काय घालायच्या, कसं घालायच्या, कसं धुवायच्या, ते सगळं स्वतः करून बघतात. आत दोन परकर, वर फ्रॉक, त्यावर एप्रन. पाठीवर सतरा बटणं, त्यामुळे एकीची दुसरीने लावायची. कोळशाची इस्त्री उचलून बघतात आणि लगेच खाली ठेवतात. मला ‘शिवणबाई’ म्हणतात. तीन तास अकराजणींची बडबड ऐकून घरी आले की मी बूटही न काढता पलंगावर आडवी होते. साठीला दोन वर्षं उरली आहेत, आणखी काय होणार.

तर काम हे. डॉक्टरांच्या मुलीचा तो पांढरा फ्रॉक तुला आठवत असेलच. अस्सल फ्रॉक वरच्या खोलीत काचेच्या कपाटात असतो आणि तू शिवलेली नक्कल मुली घालतात. नियम असा की नकलेच्या आतल्या दुमडीत लाल दोऱ्याची खूण पाहिजे, म्हणजे कुणाची गफलत होणार नाही. आता सगळ्या कपड्यांची यादी करायला घेतली आहे आणि त्या नकलेत लाल दोरा काही सापडत नाही. तू घालायला विसरली असशील. दुसरी काही खूण केली होतीस का? एखादा टाका वेगळा, एखादं काज उलटं, काहीही. दोन ओळी लिहून टाक. पोस्टकार्डही चालेल.

ताई

७ सप्टेंबर, शनिवार

ठमे,

उत्तर नाही. पोचलं नसेल म्हणून दुसरं लिहिते. पोचलं असेल आणि तू फाडून टाकलं असशील, तर हेही फाड, पण आधी वाच.

यादीबिदी काही नाही. म्हणजे आहे, पण त्यासाठी मी तुला लिहिलं नव्हतं. फ्रॉक फाटला आहे. गेल्या शनिवारी.

त्या दिवशी कपडे वाळत घालायचा खेळ होता. मागच्या अंगणात उंच दोरी बांधतो, मुली तो जुना पेहराव घालून धुतलेले रुमाल, टोप्या वाळत घालतात. इतके कपडे अंगावर असताना हात वर करणं किती कठीण, ते त्यांना कळावं म्हणून. एक नऊ वर्षांची पोरगी आहे, पुढचे दोन दात पडलेली. मी तिला प्रश्नपत्रिका म्हणते. “बाई, लघवीला लागली तर सतरा बटणं कोण काढायचं?” हा तिचा पहिल्या दिवशीचा पहिला प्रश्न. फ्रॉक घालायची पाळी तिची होती. बुटकी आहे, टाचा उंचावून तिने हात वर केले आणि बगलेपासून कमरेपर्यंत शिवणीशेजारचं कापड गेलं.

ठमे, आवाज झाला नाही. धडक्या कापडाचा चर्र आवाज होतो, तुला मी काय सांगणार. हे कापड नुसतं सुटलं. मी ती फाटलेली बाजू दोन्ही हातांनी झाकून धरली.

कारण मला खात्री नाही. तो फ्रॉक नक्कल होता की अस्सल, याची मला खात्री नाही. आता लिहिलं एकदाचं.

जानेवारीत काचेच्या कपाटाची काच बदलली. दोन्ही फ्रॉक वरच्या खोलीतल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. कामगार गेल्यावर एक कपाटात आणि एक मुलींच्या पेटीत ठेवायचं काम माझं. मी उभी राहून बघत राहिले. तू नक्कल शिवलीस ती त्याच घरातल्या जुन्या चादरीची, सगळी हातशिलाई, चहाच्या पाण्यात बुडवून रंगही तोच आणलेला. आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे इथे कुणालाच माहीत नाही. सुईत दोरा मुलींकडून ओवून घेते आणि ‘तुम्हाला सराव व्हावा म्हणून’ असं सांगते. तर मी अंदाजाने एक इकडे ठेवला, एक तिकडे. कुणाला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. विचारलं नाही. आठ महिने झाले.

मॅनेजरबाईंना वाटतंय नक्कल फाटली. “होतं असं, नक्कल असते कशासाठी,” म्हणाल्या. चांगली बाई आहे, म्हणून जास्तच त्रास होतो. फाटला तो अस्सल असेल तर माझा वर्ग बंद होईल आणि मीही घरी बसेन. हा शनिवार सोडला तर माझ्याकडे आहे काय? आई गेली, लग्न केलं नाही, तू बोलत नाहीस.

कोणता तुझा हे तुलाच कळेल. सांग गं.

ताई

१२ सप्टेंबर, गुरुवार

ठमे,

तिसरं पत्र. वीस तारखेला बाहेरून कापडांचे तज्ज्ञ येणार आहेत. कपाटातला फ्रॉक काढून, भिंग लावून, फोटो घेऊन सगळं लिहून घेणार. कपाटात नक्कल निघाली की संपलंच. त्याआधी तू सांगितलंस तर मी गुपचूप अदलाबदल तरी करीन. झाकली मूठ सव्वा लाखाची. फाटला तो अस्सल असेल तर तूच येऊन शिवून दे, तुझा रफू देवालाही दिसत नाही. मला जमणार नाही. माझा टाका पूर्वीही बैलाच्या मुतासारखाच जायचा, तूच म्हणायचीस. बोलायला मी आणि शिवायला तू, असंच होतं आपलं.

मशीनवरून तू अजून रागावली असशील तर घेऊन जा मशीन. आईने तुला द्यायचं म्हटलं होतं, खरं आहे, मी ऐकलं होतं. मी ‘मोठीचा मान’ म्हणून धरून बसले आणि तू त्याच आठवड्यात गाव सोडलंस. एका शिवणयंत्रासाठी सख्ख्या बहिणीने नऊ वर्षं तोंड दाखवू नये, याचं मी सगळ्यांना नवल सांगत फिरले. तेव्हापासून ते मशीन खिडकीखाली तसंच आहे. वर मी इस्त्रीचे कपडे ठेवते. टेंपो करून पाठवते, भाडं मी देईन.

आणखी एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं.

फ्रॉक फाटला तेव्हा प्रश्नपत्रिका रडायला लागली. “मी मोडलं, मी मोडलं” असं म्हणत होती. फ्रॉक मोडत नाही गं, फाटतो, असं मी तिला म्हणाले, एवढंच. जुनं कापड बगलेत घामाने कुजलेलं असतं, ते कुणीही हात वर केला असता तरी गेलं असतं, हे नाही म्हणाले. मॅनेजरबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, “उड्या मारत होती का ही?” मी म्हणाले, “लहान आहे हो, जाऊ द्या.” बघ कसं बोलले. खोटं एक अक्षर नाही आणि सगळा दोष पोरीवर.

गेल्या शनिवारी ती आली नाही. तिची आई फोनवर म्हणाली, ती कपाटातल्या कुठल्याच कपड्याला हात लावत नाहीये, शाळेचा ड्रेससुद्धा आईने घालून द्यावा लागतो. मी “अरेरे” म्हणाले आणि फोन ठेवला. दिवसभर मला जेवण गेलं नाही. पण मॅनेजरबाईंच्या खोलीत जाऊन बोलायला पायही उचलला नाही.

मी फार दमले आहे. उलट टपाली लिही.

ताई

१७ सप्टेंबर, मंगळवार

ठमे,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमनने हातात दिलं, अक्षर ओळखलं आणि चष्मा शोधायला लागले तर तो डोळ्यांवरच होता. तीन वेळा वाचलं. चारच तर ओळी आहेत.

“खूण घातली होती. तू काढलीस. पहिल्याच आठवड्यात मी तिकीट काढून आले होते, मागच्या रांगेत उभी होते. मशीन तूच ठेव.”

मागच्या रांगेत! त्या आठवड्यात मी काय बोलत होते ते मला पाठ आहे. तेच वाक्य मी नऊ वर्षं बोलत आले आहे. “मुलींनो, हा फ्रॉक मी चार महिने बसून हाताने शिवला.” तिकीट काढून वर्ग बघायला आलेले लोक टाळ्या वाजवायचे. तू त्या टाळ्यांत उभी होतीस. नंतर टेबलावर ठेवलेला फ्रॉक सगळ्यांनी हातात घेऊन बघितला, तेव्हा तूही घेतला असशील. दुमड उलटून बघितली असशील.

तर कारण मशीन नव्हतंच. आणि मी नऊ वर्षं लोकांना मशीनची गोष्ट सांगत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तेही नव्हतं, इतका मी स्वतःभोवती अंधार करून घेतला होता.

आता खरं लिहिते. तू लाल दोरा घातला होतास, पण नुसता दोरा नाही. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं होतंस, तांदळाएवढं. फ्रॉक माझ्या हातात दिलास तेव्हा म्हणालीस, “नियम आहे ना लाल दोऱ्याचा, मग माझंच अक्षर असू दे, कुणाला दिसतंय.” तेव्हा मी हसले. पण नोकरीच्या अर्जात मी ‘जुन्या पद्धतीची हातशिलाई येते’ असं लिहिलं होतं आणि त्यांनी चादर देऊन नमुना म्हणून करायला सांगितलेला हाच फ्रॉक दाखवायचा होता. दुसऱ्याच्या नावाचं अक्षर असलेला नमुना कसा दाखवणार? आदल्या दिवशी दुपारी, तू बाहेर गेलीस तेव्हा, खिडकीत बसून सुईच्या टोकाने एकेक टाका उचलला. दहा मिनिटं लागली. नंतर साधा लाल दोरा घालणार होते. पण दाखवायला नेला तेव्हा मॅनेजरबाईंना दोन फ्रॉकमधला फरक ओळखता येईना. दोनदा चुकल्या. म्हणाल्या, “कमाल आहे हो तुमच्या हाताची!” आणि मला ते इतकं गोड लागलं की दोरा घातलाच नाही. पुढच्या पाहुण्यांनीही चुकावं असं वाटायला लागलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणजे मी.

पहिल्या पत्रात ‘तू विसरली असशील’ असं लिहिलं ते माहीत असून लिहिलं. माझ्या नजरेतून सुटलेली आणखी एखादी खूण असेल, एवढीच आशा होती. तू मला ओळखून असशील म्हणून दुसरीही घातली असशील, असंही वाटलं. नव्हती. तू विश्वास ठेवला होतास.

आता मी तुला कोणता तुझा, ते विचारत नाही. उद्या मॅनेजरबाईंना सांगणार आहे. उद्या जमलं नाही तर परवा. फक्त एक कर, मी सांगितलं की नाही ते विचारणारं एक कार्ड टाक. तेवढ्या धाकाने तरी मी जाईन.

ताई

२१ सप्टेंबर, शनिवार

ठमे,

सांगितलं. उद्या-परवा करत गुरुवारी संध्याकाळी, तज्ज्ञ येण्याच्या आदल्या दिवशी. मॅनेजरबाई दार लावत होत्या. मी म्हणाले, “जरा बसता का, मला उभ्याने सांगता येणार नाही.” डोळे, काचेचं कपाट, दोन फ्रॉक, लाल दोरा, तू, सगळं सांगितलं. पोरीचा काही दोष नाही हेही सांगितलं. त्या बराच वेळ किल्ल्यांशी खेळत बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, “नऊ वर्षं मी पाहुण्यांना तुमची ओळख करून देत होते हो.” ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल तज्ज्ञ आले. तरुण माणूस, कमी बोलणारा. कपाटातला फ्रॉक काढून पांढऱ्या कागदावर पालथा घातला, खालची दुमड उलटली, खालून दिवा लावला. बघत राहिला. मग मला म्हणाला, “या, तुम्ही बघा.” मी म्हटलं, मला दिसणार नाही. त्याने मोठं भिंग माझ्या डोळ्यांपुढे धरलं. भोकं होती. टाके काढले तरी सुईची भोकं बुजलेली नाहीत. घट्ट विणीच्या कापडात बुजत नाहीत, हे मुलींना मीच शिकवते. दिव्याच्या उजेडात तुझं अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी सबंध दिसत होतं.

म्हणजे आठ महिने काचेच्या कपाटात तुझा फ्रॉक होता. लोक त्याच्यापुढे उभे राहून ‘काय तेव्हाचे हात’ म्हणत होते. आणि डॉक्टरांच्या मुलीचा खरा फ्रॉक घालून माझ्या अकरा पोरी अंगणात धुणं वाळत घालत होत्या. फाटला तो अस्सल. तज्ज्ञ म्हणाला, आधार देऊन टिकवता येईल, पण फाटलेलं ते फाटलेलंच. मी रडले. त्याने भिंग बाजूला ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

माझं काम गेलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, आता कुठल्याच कपड्याला हात लावायचा नाही. वर्ग महिनाभर बंद, मग नवीन बाई बघतील. मी फक्त आजचा शनिवार मागून घेतला, त्याही समोर बसून राहतील या अटीवर. प्रश्नपत्रिकेच्या आईला परवाच फोन करून विनवलं होतं, तिला एकदाच घेऊन या. ती आली, आईच्या मागे अर्धी लपून.

मुलींना खाली बसवलं आणि सांगितलं. फ्रॉक हिने फाडला नाही. तो जुना होता आणि माझ्या चुकीने हिच्या अंगावर आला. आणि जो मी शिवला म्हणून सांगत होते, तो मी शिवला नाही, माझ्या धाकट्या बहिणीने शिवला. तुझं पूर्ण नाव घेतलं. एक मुलगी हळूच म्हणाली, “म्हणजे बाई, तुम्ही ढापलं?” मी म्हटलं, “हो, ढापलं.” मॅनेजरबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

वर्ग सुटल्यावर सगळ्या गेल्या, प्रश्नपत्रिका आईचा हात सोडून परत आली. चांगलीच रागावली होती.

“मी नाही फाडला?”

“नाही.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं? मी किती रडले.”

“मला भीती वाटली.”

“मोठ्या माणसांना?”

“हो गं. मोठ्या माणसांना जास्त. माझं चुकलं, बाळा.”

मग तिने विचारलं, “तुमच्या बहिणीला म्हणालात का, चुकलं म्हणून?”

“तिला मी चार पत्रं लिहिली.”

“त्यात लिहिलं?”

मी लगेच ‘हो’ म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण आठवून बघायला लागले. पहिल्या पत्रात तुला खूण विचारली. दुसऱ्यात कोणता तुझा ते विचारलं. तिसऱ्यात रफू मागितला आणि वर मशीन देऊ केलं, देवाणघेवाण केल्यासारखं. चौथ्यात सगळं कबूल केलं आणि तिथेही शेवटी तुझ्याकडून एक कार्ड मागितलंच. बाकी सगळं होतं, डोळे होते, दमणूक होती, आई होती. तेवढे दोन शब्द नव्हते. त्या नऊ वर्षांच्या पोरीला म्हणाले ते तुला म्हणाले नव्हते.

“नाही लिहिलं,” मी म्हणाले.

“मग लिहा ना,” ती म्हणाली आणि आईकडे पळाली.

तर या पत्रात मला काही नको आहे. ये म्हणत नाही, लिही म्हणत नाही. तू चार महिने डोळे आणि बोटं घालून शिवलंस ते मी माझं म्हणून सांगितलं. तुझं अक्षर मी उसवलं. तू मागच्या रांगेत उभी होतीस आणि मी टाळ्या घेत होते. नंतर तू भांडकुदळ आहेस, मशीनसाठी घर सोडून गेलीस, असंही मीच सगळ्यांना सांगितलं.

माझं चुकलं, ठमे.

ताई